उंबऱ्याच्या आतला गुडघा

भडगावातल्या एका घराण्यात यंदा कमलबाईंच्या उजव्या गुडघ्याची टाळ-झांजांसह आरती झाली. असं काही झालेलंच नाही, असं घराण्याने एकमताने ठरवलं आहे. तेव्हा आपणही ते वाक्य वाचलेलं नाही असं समजू आणि शनिवारच्या संध्याकाळपासून सुरुवात करू.

शनिवारी संध्याकाळी कमलबाई पलंगाच्या काठावर बसून, ऐन कापणीत दांडी मारणाऱ्या गड्याकडे बघावं तशा, स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होत्या. माळ्यावरून कानबाईचा, म्हणजे श्रावणात घरी बसवायच्या देवीचा, पाट काढताना स्टूल डुगडुगलं. कमलबाई खाली उतरल्या वेळेवर, गुडघा मात्र जरा मागून उतरला. आता तो फुगून बसला होता. रविवारी कानबाई बसणार, सोमवारी सकाळी वाजतगाजत गिरणा नदीला जाणार, आणि तिला डोक्यावर घेऊन जायचा मान थोरल्या सुनेचा. सासू गेल्यापासून कमलबाईंनी तो एकदाही सोडला नव्हता. बाळंतपणात नाही, तापात नाही. एका गुडघ्यासाठी सोडायचा तर मग उरलेल्या बाईने काय करायचं?

त्यात धाकटी जाऊ कुंदाबाई धुळ्याहून दोन दिवस आधीच येऊन बसली होती. पिशवीत नवी हिरवी साडी होती. धुळ्याला ती रोज गच्चीवर डोक्यावर कुकर ठेवून चालते, ही बातमी सून दिपमालाने आणली होती. कुकरमध्ये डाळ होती की नाही, एवढंच कळलं नव्हतं.

"अक्का, पाय दुखस का?" कुंदाबाईने दारातून विचारलं.

"नही. नवी चप्पल चावस."

कुंदाबाईने खाली पाहिलं. कमलबाई अनवाणी होत्या.

"दुखत व्हई तर सांगा. मी शे ना."

"तू शे, तेच तर दुखनं शे," असं कमलबाई म्हणाल्या, पण कुंदाबाई गेल्यावर.

मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली. प्रेमराज नाना कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यापासून घरगुती औषधांकडे वळले होते. त्यांच्या तेलात तीळ होते, निरगुडीचा पाला होता, ओवा होता, मोहरी होती आणि लसणाचे गड्डेच्या गड्डे होते. हे तेल लावून माणूस गल्लीतून गेला की मागे दोन-तीन घरांत वेळेआधी पानं वाढली जात.

"भूपेंद्रनी माय, नुसतं तेल लावीसन उपेग नही," नानांनी गुडघा दाबून सांगितलं. "पोटीस बांधनी पडी. पीठ, हळद आन तेल. रातभर ठेव. सकाळले पळशी."

"बांधा. पन कुंदाले कळाले नको."

स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं होतं आणि त्यांच्या मध्यभागी कुंदाबाई होती. तिथे पीठ मागणं म्हणजे गुडघ्याची दवंडी पिटणं. नाना घरभर फिरले. देवघरात कोणी नव्हतं. कोपऱ्यात एक पितळी डबा होता, झाकण उघडलं तर आत बारीक, पांढरंशुभ्र पीठ. नानांनी दोन मुठी घेतल्या. बाहेर अंगणातल्या चुलीवर कढईत तेल-हळद घालून त्याचा गोळा शिजवला, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात घातला आणि गुडघ्यावर करकचून बांधला.

आता हे पीठ कसलं, ते सांगायला हवं. कानबाईसाठी वेगळे गहू दळतात, त्याचं जे काही होतं त्याला रोट म्हणतात. रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. त्याचा कण वाया घालवायचा नाही आणि कण उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. नानांना हे सगळं जन्मापासून पाठ होतं. फक्त डबा माहीत नव्हता. स्वयंपाकाशी त्यांचा संबंध ताटापासून पुढे सुरू होत असे.

रविवारी सकाळी दिपमालाने डबा उघडला आणि ती आत बघतच राहिली.

"आई, रोटाचं पीठ कमी दिसतंय."

त्याच वेळी कुंदाबाई नाक वर करून ओसरीतून येत होती. "श्रावणमा लसून कोनी खादा?"

कोणीच खाल्ला नव्हता. कुंदाबाई वासाच्या मागे निघाली. माजघर झालं, फडताळ झालं, आणि शेवटी ती पलंगाजवळ येऊन वाकली.

"अक्का, वास तुमना लुगडामाईन येस."

कमलबाईंनी लुगडं घट्ट धरलं. नाना मात्र डब्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू पिठाच्या रंगाचा झाला.

"तो... पितळी डबा?" त्यांनी विचारलं.

पुना आबांना बोलावण्यात आलं. घराण्यात सर्वांत वडील तेच आणि रोटाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. आबांनी चष्मा लावला, गुडघा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला.

"रोट शे," ते म्हणाले.

"आबा, ही पोटीस शे," नाना म्हणाले.

"पीठ कोनतं?"

"रोटानं."

"मंग रोट शे. आन रोट उंबरा वलांडत नही."

म्हणजे गुडघा उंबरा ओलांडू शकत नव्हता. आणि गुडघ्याशिवाय कमलबाईंनी नदीपर्यंत जावं, अशी सोय कानबाईच्या रिवाजात कुठेच नव्हती.

"काही हरकत नही," कुंदाबाई अतिशय मायेने म्हणाली. "अक्का घरमा बसतीन. कानबाई मी लेसू."

"धोई टाकस मी," कमलबाई म्हणाल्या.

"धुयेल पानी बी बाहेर फेकता येत नही," आबा म्हणाले.

कमलबाईंनी क्षणभर विचार केला. "आबा, रोट खाईसन सरना, मंग तर मी मोकळी ना?"

"मंग मोकळी."

"तर खाई टाकू."

खायचा म्हणजे सगळ्यांनी, हे प्रत्येकाच्या हळूहळू लक्षात येत होतं.

"मधमा फडकं व्हतं," नानांनी हळूच खुलासा केला. "धुयेल."

आबांनी दुसरा नियम काढला. नैवेद्य दाखवण्याआधी रोट जागचा हलवायचा नाही. जिथे आहे तिथेच दाखवायचा. त्यामुळे दुपारी कानबाईशेजारी दुसरा पाट मांडला गेला, त्याच्यावर कमलबाईंचा पाय आला, आणि आरती सुरू झाली. ताट कुंदाबाईच्या हातात होतं. कानबाईला ओवाळून झाल्यावर ती थांबली.

"इकडे बी," आबा म्हणाले.

कुंदाबाईने गुडघ्याला ओवाळलं. कमलबाईंनी डोळे मिटून घेतले होते. भक्तीने की कशाने, ते सांगता येत नाही.

मग पोटीस सोडली. दिपमालाने गोळ्याची एक जाड भाकर थापून तव्यावर खरपूस भाजली, घराण्यात जेवढी माणसं तेवढे तुकडे केले. पहिला तुकडा आबांनी खाल्ला. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते. आबा बराच वेळ चावत राहिले.

"मीठ पाहिजे व्हतं," ते म्हणाले.

नैवेद्याचं पुरण आणि खीर खाऊन जिभा गोडाने बधिर झाल्या होत्या. लसूण, ओवा, तीळ आणि खरपूस गहू. भूपेंद्रने बापाकडे बघून विचारलं, "नाना, कढईले काही लागेल शे का?" शेवटी कुंदाबाईचा तुकडा राहिला. तिने तो थोरल्या जावेच्या गुडघ्याकडे बघत खाल्ला.

रात्रभर आणि अर्धा दिवस पोटीस सोडता न आल्याने सूज उतरली होती, हे कमलबाईंना उभं राहिल्यावर कळलं. सोमवारी त्यांनी कानबाई डोक्यावर घेतली आणि एकाही ठिकाणी न टेकता गिरणेच्या पाण्यापर्यंत नेली. मागे तांब्या घेऊन कुंदाबाई होती. मात्र बातमी मिरवणुकीच्या पुढे पोचली होती. घराघरातून बायका येत, कानबाईच्या पाया पडत आणि मग अदबीने विचारत, "कोनता गुडघा?" कमलबाई उजवा पाय किंचित पुढे करीत. परतेपर्यंत लुगड्यावर त्या जागी कुंकू लागलं होतं.

कुंदाबाई त्याच दिवशी धुळ्याला परतली. आठवड्याभराने पुना आबांच्या नावे टाइप केलेला अर्ज आला:

"विषय: दुखऱ्या गुडघ्याचा मान मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, कानबाई डोक्यावर घेण्याचा मान थोरल्या शाखेकडेच ठेवण्यास आमची हरकत नाही. तथापि गुडघा दुखण्याचा मान हा कोणा एका शाखेचा वारसाहक्क नसून तो आळीपाळीने देण्यात यावा. सबब पुढील वर्षी सदर दुखणे धुळे शाखेच्या डाव्या गुडघ्यास मंजूर व्हावे, व मंजुरीचा आदेश श्रावणापूर्वी मिळावा, म्हणजे स्टुलावरून उतरणे सोयीचे होईल."