लॉक लागलं काय?

तुमाले सांगतो, आमच्या बेला गावाकडं ट्रक म्हणलं की एकच नाव, चंपत, म्हणजे मी! माझ्या हाताखाली अडून बसलेला एक ट्रक दाखवा, मिशी काढून देतो.

म्हणून आमच्या मालकानं, महिपतरावांनी, ऑटोमॅटिक ट्रक आणला तवा मी छाती ठोकून म्हणलं, हा माझ्याबिगर कोणाले जमणार नाही. त्याले क्लच नाही, गियर आपोआप पडते. इंजिन आन् गियरबॉक्सच्या मधात टॉर्क कन्व्हर्टर असते. सोयरीक जुळवणारा मधला माणूस समजा! त्याच्या पोटातलं तेल घुसळते आन् इकडची ताकद तिकडं पोचवते. गाडीनं एकसारखा वेग धरला की हा मधला बाजूले सरते आन् दोघं एकमेकाले सरळ घट्ट धरते. यालेच म्हणते लॉक लागणं. मंग हिरवा दिवा पेटते. लॉक नाही लागलं तर तेल तापते, आन् तेलापेक्षा मालक जास्त तापते.

पहिल्या डायवरनं तेल उकळवलं, त्याले मालकानं घरी धाडलं. मले सांगतलं, कापूस भर, भैंसा गावच्या जिनिंग मिलले ने, मी बाजूले बसतो. लॉक लावून दाखवलं तर गाडी तुझी, नाही तर हैदराबादचा डायवर येईल. मी म्हणलं, लावतोच!

सकाळी निघालो. माझ्या सासूबाई बयनाबाईले भैंसाले बहिणीकडं जायचं होतं. त्या आदीच मागच्या सीटवर बसून होत्या.

आदिलाबाद सोडून निर्मलच्या मोठ्या रस्त्याले लागलो. पण माझा डावा पाय! जन्मभर क्लच दाबलेला. क्लच सापडला नाही की तो ब्रेकवर पडे आन् वेग बसे. महिपतराव विचारत, "लॉक लागलं काय?" मी म्हणे, नाही जी. मंग बकऱ्या आडव्या आल्या. मंग ट्रॅक्टर. पुन्हा तेच विचारणं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी डाव्या पायाची मांडी घालून बसलो, पंगतीत बसल्यावानी.

सासूबाई मागून सारं ऐकून राह्यल्या होत्या. त्यांच्या लेखी लॉक एकच, घराचं कुलूप! माझी बायको नीलिमा मास्तरीण. ती शाळेत गेली असंल असं त्यांनी धरलं, आन् जवाईबापू घर उघडं टाकून आले! त्यांनी शेजारच्या मथुराबाईले फोन केला, आमच्या दाराले कुलूप नाही लागलं, तुह्यापासचं एखादं ठोक. मी ऐकलं, पण माझं ध्यान वेगाच्या काट्यावर. म्हणलं, सासूच्या फोनात आपण कायले पडा.

थोड्या वेळानं माझा फोन वाजाले लागला. नीलिमा. उचलला नाही, पाय हलला असता ना! पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. महिपतराव म्हणाले, उचल ना. मी म्हणलं, आता यमाचा आला तरी नाही!

रस्ता मोकळा झाला. काटा जागचा हलेना. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आन् हिरवा दिवा पेटला! महिपतरावांनी पाठीवर थाप मारली. "गाडी तुझी." मले तर रडूच येऊन राह्यलं. तेवढ्यात फोन. महिपतरावांनीच उचलून स्पीकरवर टाकला.

"नीलिमा, लॉक लागलं!" मी ओरडलो.

"मालूम हाय," ती म्हणाली. "बाहेरून लागलं. मी मागं न्हाणीत होती, न्हाऊन आली तं दार उघडेना. मथुराबाई चावी कंबरेले खोचून कापूस वेचाले गेली. शाळेत मोठे साहेब येऊन बसले हायेत."

मागून सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "पक्कं लागलं ना? मीच सांगतलं तिले, मोठं लाव."

माझा पाय आपसूक ब्रेकवर गेला. दिवा विझला.

"अबे, लॉक निघालं ना!" महिपतराव म्हणाले.

"निघू द्या जी. हे पुन्हा लागंल. ते काढाले जा लागते."

आन् कापसासकट गाडी वळवली.

महिपतराव शब्दाचे पक्के निघाले. गाडी माझीच झाली. सध्या झोपतोही तिच्यातच.