हिरव्या दाण्यांच्या दगडाची हकिकत

धरणीमाता पायांखाली स्थिर असो. शके १५३७, राक्षसनाम संवत्सरे, वैशाख मासी जे वर्तले ते लिहितो.

राजियांनी बेटावरील डोंगरी नवा किल्ला बांधिला, आणि राज्याची रीत ऐसी की, जो पाथरवट पाया भरील त्याचे लेकराने वर्षभर किल्ल्यात राहावे, म्हणजे कामात लबाडी होत नाही. मग भिवजी पाथरवटाची लेक सगुणाबाई तान्ह्या मुलासह तेथे राहिली. पुढे किल्ल्यात टाके खणिता काळा दगड निघाला, आणि तो दरबारी आणून फोडिला, तो आत हिरवे दाणे दाट. सरदार हरखून "पाचू, पाचू" म्हणो लागले, आणि भिवजीचे तोंडचे पाणी पळाले.

भिवजी बोलिला, "महाराज, हे पाचू नव्हेत. दर्याचा तळ आपले मुलुखाखाली शिरतो, आणि संगे पाणी नेतो. ते पाणी खालचे तप्त खडकात भिनले की खडक वितळतो. एरवी तो रस वर येता वाटेत मुक्काम करितो, आणि हिरवे दाणे तेथेच खाली बसतात. हा दगड त्याच रसाचा, पण मुक्काम न करिता थेट आला. वाट मोकळी आहे, महाराज, रस पुन्हा येईल. माझी लेक उतरवा, सगळ्यांसच उतरवा."

राजे कोपले. "गनीम दर्यावर उभा, आणि लेकीपायी किल्ला ओस पाडिता?"

मग आठवे दिवशी सगुणाबाईने टाक्याचे पाण्याची घागर घोंगडीत गुंडाळून राजधानीस बापाकडे धाडिली. होडीस प्रहर लागला. भिवजीने घागर राजियांपुढे ठेविली आणि म्हणाला, "हात लावावा." राजियांनी हात लाविला आणि चटका बसून मागे घेतला, आणि तत्क्षणी होड्या सोडिल्या. माणसे उतरली, सगुणाबाई मूल पदराखाली घेऊन शेवटचे होडीत बसली, आणि मागे डोंगर फुटला. किल्ला गेला. राजे सर्वांदेखत रडले.

पुढे रस थिजला, आणि भिवजीने तो नवा दगड फोडिला, तो हिरवे दाणे पहिल्याहून दाट. त्याचे हातची दगड फोडावयाची सुतकी गळाली.

येणेप्रमाणे किल्ला बुडाला, माणसे वाचली, आणि राजधानीत साखर वाटिली. त्याच दिवशी सगुणाबाईने मुलास न्हाऊ घालण्यास राजधानीचे आडाचे पाणी काढिले. चूल पेटवावी लागली नाही.