तिजोरी पेलणारी गाडी

तिजोऱ्या बनवणारा माणूस सहसा कुणावर विश्वास ठेवत नाही. आमचे तिजोरीवाले तर मुळीच ठेवत नसत. नवा पिकअप घ्यायला ते शोरूममध्ये गेले ते बायको, दोन हमाल आणि हातगाडीवर एक भरभक्कम लोखंडी तिजोरी घेऊन.

"काका, दीड टन आरामात उचलते. कागदावर लिहिलंय बघा," सेल्समन म्हणाला.

"तिजोरी काय कागद उचलणार आहे? हौदा उघडा!"

खरं तर डॉक्टरांनी त्यांना वजन उचलायला साफ बंदी केली होती. गुडघ्यांत दम उरला नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. डॉक्टरांना काही कळत नाही, असं ह्यांचं. शेवटी बायकोने बजावलं होतं, "आता एकदा जरी कळवळलात ना, तर माल पोचवणं बंद. घरी बसायचं." गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन स्वतःच्या हाताने तिजोरी बसवून देणं, हेच तर त्यांचं सुख. ते गेलं तर माणसाने करायचं काय?

हमालांनी तिजोरी उचलली. तिजोरीवाल्यांना राहवेना, त्यांनीही खालून हात लावला. तिजोरी हौद्यात टेकली आणि 'कट्' असा आवाज झाला.

"स्प्रिंगचा पाटा तुटला!" ते ओरडले.

"अहो काका, नवीकोरी गाडी आहे!"

"मग नवाकोरा पाटा तुटला. मोठी दाखवा."

मोठी आली. तिजोरी उतरली, पुन्हा चढली, खालून ह्यांचा हात होताच. कट्! मेकॅनिक टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला आणि सगळं जागच्या जागी आहे म्हणत बाहेर आला. पण तिजोरीवाले कसले ऐकतात! तिसरी गाडी आली ती एवढी थोरली, की तिजोरीसोबत अख्खा सेल्स विभाग मावला असता. पुन्हा कट्! आता मॅनेजर धावत आले, शेजारच्या दुकानांतले लोक जमले. एक हमाल तर चाकाला कान लावून बसला.

"तिन्ही गाड्या कंपनीला परत पाठवतो," मॅनेजर घाम पुसत म्हणाले. सेल्समन बिचारा रडायचाच बाकी होता.

इतका वेळ खुर्चीत बसून बघणारी बायको उठली. "अहो, मेकॅनिकचा टॉर्च पडलाय. तेवढा द्या बरं उचलून."

तिजोरीवाले वाकले. कट्!

सगळ्यांच्या नजरा त्यांच्या गुडघ्यांकडे वळल्या. टॉर्चचं वजन ते काय!

"तुम्हाला कधी कळलं?" बायकोने विचारलं.

"दुसऱ्या गाडीला."

"मग तिसरी कशाला मागवलीत?"

"तुला कळू नये म्हणून." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "घरी नको ना बसवूस गं."

चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलेल्या त्या बाईचे डोळेच भरून आले. ते पुसून ती सेल्समनकडे वळली. "पहिलीच गाडी द्या. उचलायला आम्ही आणखी दोन माणसं ठेवू. आणि चालवायला मी आहे."

"तू? तू कधी शिकलीस?"

"तुम्ही डॉक्टरांना खोटं पाडत होता तेव्हा."

"मग मी काय करायचं?"

"माझ्या शेजारी बसायचं. हळू घे, समोर बघ, डावीकडे वळ, असं सांगत राहायचं. इतकी वर्षं मी दुसरं काय केलं?"

तिजोरीवाल्यांना जरा धीर आला. "आणि तू ऐकशील?"

"तुम्ही कधी ऐकलंत?"