टिटवी उल्लेखनीय आहे काय?

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं, फक्त रेंज नव्हती. पुढे तीही आली, आणि मग कुणालाच काही आठवेनासं झालं.

आठवायचं कशाला? रानकोश होता ना! रानकोश म्हणजे मोबाईलवरचा ज्ञानकोश. त्यात कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. लिहिणारे थोडे होते, खोडणारे उदंड. लिहायला माहिती लागते, खोडायला नुसतं बोट पुरतं.

या खोडणाऱ्यांचे म्होरके होते कमठराव कासव. करवंदीच्या डोहात त्यांचा मुक्काम. पाठ उन्हात, पोट चिखलात आणि मान मोबाईलमध्ये. पगार नाही, भत्ता नाही. "ही सेवा आहे," असं ते म्हणत. खरं सांगू? ज्याला जन्मभर सगळे ओलांडून गेले, त्याला कुणाला तरी अडवायला मिळालं, की पगार लागत नाही.

एकदा बातमी आली, की तरसशेठ करवंदीचा डोह बुजवून त्यावर रिसॉर्ट बांधणार. सिंहमहाराजांनी लगेच सुनावणी ठेवली. महाराज न्यायीच होते. अट फक्त एक. ज्याची रानकोशात नोंद, त्यालाच दरबारात तोंड.

"नाहीतर उठेल तो बोलेल," कोल्हा दिवाणजी म्हणाले.

तरसशेठची नोंद होती. चांगली लांबलचक. त्यात 'बालपण' होतं, 'दानधर्म' होता, आणि उष्ट्या हाडांवर काढलेली वर्षं 'संघर्षाचा काळ' या मथळ्याखाली होती.

आणि डोहाच्या बाजूने कोण बोलणार? टिटवी. दुसरं होतंच कोण? मुरमाचा पहिला ढीग काठावर पडला तेव्हापासून ती ओरडत होती. ट्रॅक्टरच्या पुढ्यात बसत होती. तिची अंडी चाकाखाली गेली, तरी ती जागची हलली नाही. म्हणून तर काम रखडलं होतं.

सशाने तिची नोंद लिहून काढली. साधीसुधी. वर चढवली मात्र, कमठरावांनी तिच्या कपाळावर पाटी ठोकली: 'उल्लेखनीयता संशयास्पद. काढून टाकण्याबाबत चर्चा सुरू.'

टिटवी धावत डोहाकाठी आली.

"कमठकाका, रोज तुमच्या डोक्यावरून उडते मी. माझ्याबद्दल संशय कसला?"

"तू आहेस, त्याबद्दल वाद नाही, बाई. पण उल्लेखनीय आहेस का? पुरावा दे."

"हा काय डोह! अजून जागेवर आहे. याहून मोठा पुरावा कुठला?"

"तो तुझ्यामुळे जागेवर आहे, असं कुठे छापून आलंय?"

छापून यायचं कुठे? जंगलात वर्तमानपत्र एकच. दैनिक डरकाळी. मालक तरसशेठ. तरी टिटवीने कुठून तरी एक कात्रण शोधून आणलं. 'डोहावर पुन्हा गोंगाट, रहिवाशांची झोपमोड.'

कमठरावांनी ते उलटंसुलटं पाहिलं. "यात तुझं नाव नाही."

"गोंगाट मीच केला होता, काका!"

"असं तू म्हणतेस. स्वतःचं स्वतः सांगितलेलं चालत नाही."

"मग हरणांना विचारा. साळिंदराला विचारा. सगळे इथंच पाणी पितात."

"तिथेच तर मेख आहे," कमठराव समाधानाने म्हणाले. "या डोहाचं पाणी प्यालेला जो तो हितसंबंधी. त्याची साक्ष बाद. त्रयस्थ हवा. ज्याने हा डोह कधी पाहिला नाही, त्याने तुझ्याबद्दल सविस्तर लिहिलेलं हवं."

"ज्याने डोहच पाहिला नाही, तो माझ्याबद्दल काय लिहिणार, कपाळ?"

"ते आमच्या कक्षेत येत नाही."

"आणि तुम्ही हो? तुम्ही तर याच पाण्यात राहता!"

"राहतो. पीत नाही," कमठराव म्हणाले. बोलून घसा कोरडा पडला होता, म्हणून त्यांनी एक घोट घेतला.

मग चर्चेला ऊत आला. साळिंदराने लिहिलं, "ठेवा. हिच्यामुळे माझी पोरं पाणी पितात." घोरपडीने लिहिलं, "काढा. मजकूर भावनिक आहे." वटवाघूळ उलटं लटकून लिहीत होतं. ते म्हणालं, "काढा म्हणजे काढाच. ही एकाच डोहासाठी ओरडली आहे. एका डोहावर कुणी थोर होत नाही. आणखी दोन-चार बुजू द्यावेत, मग बघू."

"पण ठेवा म्हणणारे जास्त आहेत!" ससा कळवळून म्हणाला.

"हे मतदान नव्हे. ही चर्चा आहे," कमठरावांनी त्याला समज दिली. "चर्चा सगळ्यांनी करायची. निष्कर्ष मी काढायचा."

क्षणभर त्यांच्या पोटाखालचा चिखल त्यांना गारेगार लागला. पोरगी खरं बोलतेय, असं मनात येऊन गेलं. पण नियम तो नियम. शिवाय तो त्यांनीच केला होता, म्हणजे चुकणं शक्यच नव्हतं.

टिटवीची नोंद गेली. हात फिरलाच आहे तर, म्हणून कमठरावांनी करवंदीच्या डोहाचीही नोंद काढून टाकली. तिलाही त्रयस्थ संदर्भ नव्हता.

सुनावणीत तरसशेठ छान बोलले. दुसऱ्या बाजूने कुणी बोललं नाही, तेव्हा दुसरी बाजूच नाही असं ठरलं. दाराबाहेर टिटवी घसा फुटेस्तोवर ओरडत होती. पण नोंद नसलेल्याचा आवाज दरबारात ऐकू येत नसे.

ट्रॅक्टर आले. पाणी गेलं, मुरूम पडला. कमठराव बघता बघता मानेपर्यंत गाडले गेले. मोबाईल तेवढा वर होता. त्यांनी नाकाने मदतकेंद्राचा नंबर लावला. माकडीणबाईंनी उचलला.

"बोला, कुठून बोलताय?"

"करवंदीच्या डोहातून! धावा, मी गाडला जातोय!"

"थांबा हं, बघते... नाही हो आजोबा, असा डोह रानकोशात नाही."

"अगं, मीच काढलाय तो!"

"मग तर नक्कीच नसणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

वरून टिटवीने पाहिलं. तिने संदर्भ मागितला नाही. ती ओरडली. अशी ओरडली, की ट्रॅक्टरवाल्या रानडुकराचा पाय ब्रेकवर पडला. हरणं आली, साळिंदर आलं. सगळ्यांनी उकरून कमठरावांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी डरकाळीच्या पहिल्या पानावर मथळा: 'विद्वान कासवाची मृत्यूशी झुंज! तरसशेठनी ट्रॅक्टर थांबवून वाचवले प्राण.' पलीकडच्या जंगलांतल्या वर्तमानपत्रांनीही ते छापलं. त्यांनी डोह कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे त्रयस्थ. शिवाय सविस्तर!

कमठरावांची नोंद झाली. चर्चेविना मंजूर झाली. तरसशेठनी त्यांना रिसॉर्टच्या निळ्या फरशीच्या हौदात मानाची जागा दिली. हरणं आता पाण्यासाठी डोंगरापलीकडे जातात. त्यातली काही परत येतात.

कमठराव हौदात बसून आपली नोंद वाचत होते. रोजच वाचत. मध्येच एक ओळ होती: 'एका पक्ष्याच्या ओरडण्यामुळे चालकाचे लक्ष गेले.' सशाने घुसवली असणार.

टिटवी हौदाच्या कडेवर उतरली. आवाज पार बसला होता तिचा.

"काका, तिथे माझं नाव तरी घाला. पुढचा डोह बुजवायला घेतलाय. तेवढ्यावर मला दरबारात शिरता येईल."

कमठराव खोकले. त्यांना खरंच वाईट वाटलं.

"घातलं असतं गं. पण तू माझा जीव वाचवलास. मी आता हितसंबंधी झालो. मला तुझ्याबद्दल लिहिता येत नाही."

लिहिता येत नव्हतं. खोडायला हरकत नव्हती. ओळीला संदर्भ नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी बोट टेकवलं.

तात्पर्य: बाळांनो, दुसरा बुडतोय म्हणून कधी ओरडू नका. त्यापेक्षा स्वतः बुडा, जमल्यास वार्ताहरांदेखत. आणि कुणी वाचवलंच, तर चुकूनही त्याचं नाव घेऊ नका. तटस्थपणाला बट्टा लागतो.