डोमाकाकांच्या चपला

डोमाकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. मी बदली होऊन तिरोड्याला आलो, त्यांच्या शेजारी राहिलो. पण समोरून गेलो तर बोलणार माझ्या वहाणांशी. "नवी घेतली काय जी? डावी चावन तुमाले." आणि डावीच चावते. स्वतः मात्र मे महिन्याच्या डांबरावरूनही अनवाणी चालतात.

दुसरं वेड कटऑफचं. घरात परीक्षेच्या वयाचं कोणी नाही, तरी मेडिकलच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की दारात हजर. "यंदा कटऑफ काय म्हणते?" वाढला म्हटलं की मान खाली. "मंग यंदा बी नाही जमत." उतरला म्हटलं की घरी जाऊन अंगण झाडायला घेतात. आम्ही नवराबायको खिडकीतून बघून हसायचो.

यंदा माझ्या मुलीची, प्राचीची परीक्षा होती. गोंदियाला केंद्रावर पोचलो तर फाटकापाशी डोमाकाका! हातात कात्री, शेजारी पोतंभर चपला. नीटला बूट चालत नाहीत, लांब बाह्या चालत नाहीत, हे वर्षभर सांगितलेलं असतं आणि निम्मी पोरं तरी तशीच येतात. काका मापाच्या चपला भराभर फेकत होते, बाह्या कचाकच कापत होते.

"अरे भैया, नई शर्ट है!" एक आई ओरडली.

"शर्ट भेटन बाई, वर्ष नाही भेटत."

प्राचीही माझ्याच हट्टानं बूट घालून आलेली. काकांनी तिला चपला दिल्या आणि तिचे बूट नाडीला नाडी बांधून गळ्यात अडकवले. असे पाचसहा जोड गळ्यात घेऊन ते मांडी घालून बसले. फाटक बंद झालं.

तेव्हा मला त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवलेला एक जोड वेगळा दिसला. काळे बूट, चकचकीत पॉलिश, टोकं फाटकाकडे.

"हे कोणाचे काका?"

"आमच्या बाल्याचे. अंदर हाय तो."

मग माझ्या पायांकडे बघतच त्यांनी सांगितलं. बाल्या त्यांचा मुलगा. थोड्या मार्कांनी कटऑफ हुकला म्हणून काही वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा इथेच परीक्षेला बसला. बूट घालून आला होता. काकांनी पायातल्या चपला काढून दिल्या आणि मस्करीत म्हणाले, "वापस देजो तं पास होऊनच देजो." पेपर सुटला, सगळी पोरं बाहेर आली. बाल्या आला नाही. मागच्या दारानं गेला असेल, असं पोलीस म्हणाले. काकांनी नागपूर पालथं घातलं, रायपूर पालथं घातलं.

"काका, मस्करी होती ती. त्यालाही कळलं असेल."

"कळलं असतं तं आला असता ना जी. शब्दाचा पक्का हाय पोट्टा. कटऑफच वर चढून राहिला, तो काय करन?"

खिडकीतून हसल्याचं फार वाईट वाटलं.

पेपर सुटला. पोरं चपला टाकून आपापले बूट घेऊन गेली. प्राची सगळ्यांत शेवटी आली, चेहरा पांढराफटक.

"अवघड होता का गं?"

"पेपर बरा गेला. पण बाबा, माझ्या मागे कोणीतरी सारखं पाय हलवत होतं. चपला फटफट वाजत होत्या, ढिल्या असल्यासारख्या. वळून बघितलं, तर मागचा बाक रिकामा."

ती तर दुपारपासून आत होती. आमचं बोलणं तिनं ऐकलेलं नव्हतं. त्या उकाड्यातही माझ्या अंगावर काटा आला.

डोमाकाकांनी मान वर केली. कोणाच्या तोंडाकडे बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. प्राचीकडे बघत ते म्हणाले, "माह्याच होत त्या, पोरी. त्याले मोठ्याच होत्या."

पहारेकरी कुलूप घेऊन आला. "चलो काका, सब निकल गए."

काकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं बुटांवरची धूळ पुसली, टोकं पुन्हा फाटकाकडे केली आणि परत मांडी घातली.

"कायले घाई करतं बाप्पा? लिहून राहिला हाय तो. लिहू दे."