डबा सहाचा, रीळ आठचं

किसननाना येळवंडे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाहीत. त्याच्या डोक्याच्या थोडं वर, उजवीकडे पाहतात. नवखा माणूस मागे वळून बघतो. तिथे काही नसतं.

नाना चिंचवडच्या एका जुन्या चित्रपटगृहात ऑपरेटर होते. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटतो. तो दिसला की दुसरं यंत्र सुरू करायचं. नानांनी आयुष्याची उमेदीची वर्षं तो ठिपका पाहण्यात घालवली. सिनेमा असा पाहिलाच नाही.

आता ते चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक आहेत. मी एका दैनिकाच्या चिंचवड कार्यालयात उपसंपादक होतो. सुट्टीच्या दिवशी नाना शाळेची दोनशे पानी वही घेऊन आमच्याकडे येत. पहिलं वाक्य ठरलेलं.

"सायेब, तुमचं पुन्यांदा चुकलंय."

चूक नेहमी सिनेमाच्या पुरवणीतली असे. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट अमेरिकेचा, असं आम्ही छापलं. नाना म्हणाले, "अर्जेंटिना. एक प्रत उरली न्हाई त्याची. पण झाला व्हता." आणि ग्रंथालयातून काढून आणलेली पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. इराणच्या पहिल्या बोलपटाचं श्रेय आम्ही तेहरानला दिलं. "मुंबईत बनला त्यो. आपल्या हितं." मी दर वेळी तपासून पाही. दर वेळी नाना बरोबर निघत. मग जाहीर निविदांच्या खाली चार ओळींचं शुद्धिपत्र जाई. नाना ते कापून वहीत चिकटवत आणि निघताना विचारत, "ऑपरेटर कोण व्हता, त्ये घावलं का?"

कुठल्याच देशाच्या पहिल्या खेळाचा ऑपरेटर कधी घावला नाही. "दिग्दर्शकाचं नाव समद्या जगाला ठाव," नाना म्हणत. "दाखवला कुणी, त्याची नोंद न्हाई. काय हिस्ट्री लिवत्यात राव!"

कंपनीच्या गेटवरही त्यांचं हेच चाले. एकदा जपानी साहेब आले. नानांनी गाडी थांबवली, आणि दुभाष्याला सांगितलं की यांच्याकडे मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे लोक होते. बोलपट आला तेव्हा त्यांनी संप केला. जपानी साहेब खाली उतरले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मागच्या गाडीतल्या एचआरवाल्यानं मात्र एवढंच ऐकलं, की सुरक्षारक्षक परदेशी पाहुण्यांना संपाविषयी सांगतो आहे. नानांना मेमो मिळाला. तो त्यांनी मला दाखवला. "मजकूर ठीक हाय. तारीख घालायची राहिली त्यांची."

कार्यालयात सगळे हसत. मीही हसे. मला हसण्याचा अधिकार सर्वांत कमी होता.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक बातमी लिहिली होती. मथळा होता, 'नायकाचे लग्न आधी, प्रेम नंतर'. नानांच्या चित्रपटगृहात मधली रिळं उलटसुलट लागली होती आणि प्रेक्षकांनी खुर्च्या मोडल्या होत्या. शेवटचं वाक्य असं : 'ऑपरेटर मद्यधुंद अवस्थेत असल्याचे समजते.' मला ते कुणी सांगितलं नव्हतं. 'समजते' या शब्दाखाली आम्ही बरंच काही खपवतो. मथळ्याबद्दल मला शाबासकी मिळाली. मालकानं नानांना काढून टाकलं.

माळकरी घरातले नाना दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे उभे राहिले. एकच प्रिंट देहूरोडच्या चित्रपटगृहात आणि इथे अशी दोन्हीकडे चाले; तिकडचं रीळ संपलं की झाकणावर आकडा घातलेल्या डब्यातून स्कूटरवरून इकडे येई. "डबा सहाचा, आत रीळ आठचं. तिकडच्या ऑपरेटरनं झाकणं फिरवली. म्या थेंब घेत न्हाई, सायेब." मी म्हणालो, तुमच्या शब्दाखेरीज पुरावा काय? पुराव्याशिवाय शुद्धिपत्र देता येत नाही.

नाना गेले. काही महिन्यांनी वही घेऊन आले ते थेट इजिप्तच्या सिनेमाची चूक दाखवायला. पुढे कितीतरी वर्षांनी मी विचारलं, हे सगळं कशासाठी? ते सरळ म्हणाले, "आदी तुमचा माझ्यावर इस्वास बसू द्या. धा देशांचं बरोबर निघालं, की अकरावं माझं आणतो."

तोवर दहा देश केव्हाच होऊन गेले होते. अकरावं त्यांनी आणलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी ते शुद्धिपत्र स्वतःच लिहिलं. पुरावा मागितला नाही. ऑपरेटर किसन येळवंडे यांनी मद्यप्राशन केलेले नव्हते. देहूरोड येथील चित्रपटगृहाच्या ऑपरेटरने डब्यांची झाकणे बदलल्याने घोटाळा झाला. चुकीबद्दल दिलगीर आहोत. कारण देणं हा आमचा शिरस्ता आहे.

सकाळी दहाला नाना अंक घेऊन आले. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"त्याला कशापायी गोवलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं, नाना."

"तुमाला सांगितलं. छापाया न्हाई. त्याची लेक त्या दिशी दवाखान्यात व्हती. घाईत फिरली झाकणं. मला मागनं कळलं."

"मग तुमची चूक नव्हती, हे कसं लिहायचं?"

"डबा सहाचा, रीळ आठचं. बास झालं की! आता उद्या ह्याचं शुद्धिपत्र घाला."

मी म्हणालो, आजपासून मला तो अधिकार नाही. नानांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"असल त्यो देहूरोडलाच. कुणी वाचून दावायच्या आत जाऊन सांगतो त्याला, म्या न्हाई लिवलं. तुमी बी चला. लिवलं तर तुमीच."

दुपारी माझा निरोप समारंभ होता. मी तसं सांगितलं.

खिडकीतून रस्त्यापलीकडचा बसथांबा दिसतो. नाना तिथे उभे होते. त्यांनी अंक उलगडला, मजकूर एकदा वाचला, मग तो आतल्या बाजूला जाईल अशी नीट घडी घातली आणि अंक काखेत धरला.

बस आली, ते चढले. आत जागा होती, तरी मला ते उभेच दिसले.