प्राचार्य आत आहेत

समुपदेशक बाईंच्या खोलीकडे वर्षभर कुणी फिरकलं नव्हतं. कॉलेजातल्या मुलांना अडचणी नव्हत्या असं नाही. कुणाची झोप उडाली होती, कुणाचं गणित डोक्यावरून जात होतं. पण खोली नेमकी कॅन्टीनसमोर. आत पाऊल टाकलं की संध्याकाळपर्यंत ‘याचं डोकं फिरलं’ अशी बातमी हॉस्टेलभर. त्यात दाराचं लॅच बिघडलेलं, म्हणून बाई खुर्ची लावून दार उघडंच ठेवत. म्हणजे आत कोण बसलंय हे सगळ्या जगाला दिसणार.

त्या दुपारी प्राचार्य आले. मोडकी बाकं ठेवायला त्यांना ही खोली हवी होती. असलं बोलणं चारचौघांत नको, म्हणून त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली.

"सर, दार लावू नका!"

तोवर दार लागलं होतं आणि मूठ प्राचार्यांच्या हातात आली होती.

त्यांनी हेडक्लार्कना फोन लावला. "समुपदेशनाच्या खोलीत अडकलोय. सुताराला पाठवा. आणि कुणाला काही बोलू नका!"

हेडक्लार्क आज्ञाधारक माणूस. जो येईल त्याला ते हळू आवाजात सांगू लागले, "सर समुपदेशनाच्या खोलीत आहेत. याहून जास्त मला विचारू नका."

आत प्राचार्यांनी बाकांचं सांगून टाकलं. बाईंनी त्यांना पाणी दिलं. खोली जाणार याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण सवय सुटेना. "घरी सगळं ठीक ना, सर?"

"ठीक म्हणजे... मुलगा बाहेरगावी शिकतो. फोनवर ‘बरंय’च्या पुढे बोलतच नाही."

"तुम्ही काय विचारता त्याला?"

"मार्क किती पडले."

"आणि?"

प्राचार्य विचारात पडले. आणि काहीच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग ते बरंच बोलले. बाकांची आठवण दोघांनाही राहिली नाही.

सुताराने बाहेरून ठोकाठोक केली तेव्हा चौकटीवरची धूळ नेमकी प्राचार्यांच्या डोळ्यांत गेली. दार उघडलं. रुमालाने डोळे पुसत प्राचार्य बाहेर आले. समोर अख्खं कॅन्टीन चहा विसरून उभं होतं.

"सरसुद्धा जातात?" कुणीतरी पुटपुटलं.

"एवढा वेळ होते! मग आपल्याला जायला काय झालं?"

दुसऱ्या दिवसापासून मुलं यायला लागली. प्राचार्यांच्या हातची खोली गेलीच, पण बसायला जागा पुरेना म्हणून त्यांना मोडकी बाकंही दाराबाहेर मांडावी लागली.

आठवड्याभराने ते स्वतःच दारात आले. "बाई, काल मुलाला फोन केला. मार्कांचं विचारलं नाही. पण मग पुढे बोलायचं काय, तेच सुचेना."

बाईंना बरं वाटलं, पण आत एक मुलगी बसली होती. "सांगते ना, सर. तुमचा नंबर आला की."

प्राचार्य निमूटपणे बाकावर टेकले. शेजारच्या मुलाने सरकून त्यांना जागा करून दिली.

"इकडे या, सर. त्या बाजूचा पाय मोडलाय."